शेतकरी व अन्नप्रक्रिया उद्योग यांची भागीदारी आणि शाश्वत शेती : महाराष्ट्रातील चार अनुभवांचे विवेचन

गोषवारा

शेतकरी आणि अन्नप्रक्रिया उद्योग यांचे सहकार्य हा शाश्वत शेतीकडे नेणारा एक मार्ग मानला जातो. तथापि 'सहकार्य' या एका शब्दाखाली अनेक प्रकारचे संबंध येतात आणि त्यांचे परिणामही भिन्न असतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील चार अनुभव विचारात घेतले आहेत : सहकारी साखर कारखानदारी, निर्यातक्षम द्राक्षशेती, जळगाव परिसरातील पांढऱ्या कांद्याची करारशेती आणि नाशिक जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपनी. भाव, उत्पादन, प्रत आणि शासकीय धोरण या चार जोखमी कोणाच्या वाट्याला येतात, या कसोटीवर या अनुभवांची तुलना केली आहे. जोखमीची वाटणी आणि पाणी-मातीच्या जपणुकीची अट या दोन्ही गोष्टी कराराचा भाग झाल्या, तरच भागीदारी शाश्वत ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : करारशेती, शेतकरी उत्पादक कंपनी, अन्नप्रक्रिया उद्योग, जोखमीची वाटणी, शाश्वत शेती.

प्रस्तावना

विलेपार्ले या उपनगराचे नाव देशातील कोट्यवधी घरांत एका बिस्किटामुळे पोहोचले. १९२९ मध्ये येथे पार्ले कंपनीचा कारखाना सुरू झाला. आरंभी गोळ्या-चॉकलेटे आणि १९३९ पासून बिस्किटे असा त्याचा विस्तार झाला. भाजलेल्या बिस्किटांचा वास ही अनेक वर्षे पार्लेकरांच्या ओळखीची खूण होती. २०१६ मध्ये या जुन्या कारखान्यातील उत्पादन थांबले. बिस्किटाचे मुख्य घटक गव्हाचे पीठ, साखर आणि खाद्यतेल हे होत. म्हणजे हा उद्योग सर्वस्वी शेतमालावर उभा आहे. तरीही बिस्किटाच्या पुड्यातील गहू कोणत्या शेतात पिकला, हे खाणाऱ्यास ठाऊक नसते, आणि आपला गहू कोणत्या पुड्यात गेला, हे शेतकऱ्यासही ठाऊक नसते. बाजार समिती, आडते, गिरणी आणि घाऊक व्यापारी अशा टप्प्यांतून जाताना मालाची ओळख पुसली जाते.

या अनोळखीपणाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा १.३४ हेक्टर होती. १९७०-७१ मध्ये ती ४.२८ हेक्टर होती. एवढ्या लहान क्षेत्रावरील शेतकरी एकट्याने बाजारात भाव ठरवू शकत नाही, शीतगृह बांधू शकत नाही, की मालाची रासायनिक तपासणीही करून घेऊ शकत नाही. पुढील हंगामाच्या भावाची शाश्वती नसल्यामुळे जमिनीचा कस राखणे, ठिबक संच बसविणे, पिकांचा फेरपालट करणे अशा दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीस तो सहजासहजी प्रवृत्त होत नाही. उद्योगाशी थेट संबंध जोडला गेल्यास ही कोंडी फुटेल, ही अपेक्षा गेली काही दशके व्यक्त होत आली आहे. ती कितपत आणि कोणत्या अटींवर खरी ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. शेतकरी व उद्योग यांच्या थेट संबंधाची गरज कोणत्या पिकांत व का निर्माण होते, हे स्पष्ट करणे.
२. महाराष्ट्रातील चार प्रातिनिधिक अनुभवांतील भागीदारीचे स्वरूप विशद करणे.
३. या अनुभवांत जोखमीची वाटणी कशी झाली व तिचा शाश्वततेवर कोणता परिणाम झाला, याचे विवेचन करणे.
४. भागीदारी टिकाऊ होण्याच्या दृष्टीने काही सूचना करणे.

विवेचनासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम स्वरूपाच्या माहितीचा आधार घेतला आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

१९८७ मध्ये ब्रुंटलंड आयोगाने शाश्वत विकासाची संकल्पना मांडली. पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेस बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, हा तिचा आशय होय. शेतीच्या संदर्भात याचे तीन अंगांनी आकलन करता येते. पहिले अंग निसर्गाचे : पाणी, माती आणि जैवविविधता यांचा ऱ्हास होऊ न देणे. दुसरे अंग अर्थाचे : शेतकऱ्यास उत्पादनखर्च भागून निर्वाहापुरते तरी उत्पन्न मिळणे. तिसरे अंग संबंधांचे : शेतकरी व खरेदीदार यांतील व्यवहार एका हंगामापुरता न राहता टिकून राहणे. यांपैकी एक अंग दुबळे झाले तर उरलेली दोन फार काळ तग धरीत नाहीत.

'भागीदारी' ही संज्ञा येथे कायद्यातील भागीदारी संस्थेच्या अर्थाने वापरलेली नाही. पेरणीपूर्वीच खरेदीची हमी देणारा करार, शेतकऱ्यांच्या मालकीचा प्रक्रिया प्रकल्प, अथवा निर्यातदार व उत्पादक यांची प्रतनियंत्रणाची संयुक्त व्यवस्था, अशा सर्व संबंधांचा तीत समावेश केला आहे.

थेट संबंधाची गरज कोठे निर्माण होते?

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात बाजारातील प्रत्येक व्यवहारास काही खर्च येतो, या बाबीकडे लक्ष वेधले. योग्य विक्रेता शोधणे, भाव ठरविणे, प्रत तपासणे आणि वचनभंग झाल्यास दाद मागणे या सर्वांस वेळ व पैसा लागतो. हा खर्च अल्प असेल तेथे उद्योग खुल्या बाजारातून खरेदी करतो. तो वाढत गेला की करार अथवा स्वतःची व्यवस्था त्यास परवडू लागते.

बिस्किटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गहू व साखर यांची साठवण करता येते, त्यांच्या प्रती सर्वमान्य आहेत आणि विक्रेते असंख्य आहेत. त्यामुळे बिस्किट उद्योगास शेतकऱ्याशी नाते जोडण्याची निकड भासत नाही. याउलट द्राक्षे नाशवंत असतात आणि त्यांवरील औषधांचा अंश डोळ्यांना दिसत नाही. वाळवून विकण्याच्या कांद्यात विद्राव्य घनपदार्थांचे प्रमाण अधिक असावे लागते. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटू लागते. अशा पिकांत उद्योगास शेतापर्यंत जावेच लागते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. उद्योग शेताकडे येतो तो प्रामुख्याने स्वतःच्या गरजेपोटी, आणि ती गरज प्रतीची व पुरवठ्याची असते. पाणी व माती यांचे रक्षण तिच्यात आपोआप समाविष्ट होत नाही. ते हेतुपुरस्सर समाविष्ट करावे लागते. पुढील चार अनुभवांत हाच धागा दिसून येतो.

पहिला अनुभव : सहकारी साखर कारखाना

शेतकरी आणि प्रक्रिया उद्योग यांच्या एकत्र येण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने व व्यापक उदाहरण म्हणजे सहकारी साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून १९५० च्या सुमारास अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरानगर येथे उभा राहिलेला कारखाना या चळवळीचा पाया ठरला. येथे ऊस उत्पादक हाच कारखान्याचा सभासद, म्हणजे मालक असतो. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आणि २००९ पासून अमलात आलेला रास्त व किफायतशीर दर यांमुळे भावाला कायद्याचा आधार मिळाला. ऊस पुरविल्यापासून चौदा दिवसांत रक्कम देण्याचे बंधनही आहे. प्रत्यक्षात थकबाकीच्या तक्रारी होत असल्या, तरी इतर बहुतेक पिकांना नसलेली भावाची हमी उसाला आहे.

अर्थ व संबंध या दोन अंगांनी ही भागीदारी भक्कम ठरली. कारखान्यांभोवती शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी राहिली. निसर्गाच्या अंगाने मात्र वेगळे चित्र दिसते. राज्याच्या एकूण पीकक्षेत्रातील उसाचा वाटा अल्प असूनही सिंचनाच्या पाण्यातील त्याचा वाटा फार मोठा आहे. भावाची जोखीम कमी झाल्यामुळे ऊस सोलापूर व मराठवाडा या अवर्षणप्रवण भागांतही पसरला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. त्याच मराठवाड्यात उसाचे गाळप करणारे अनेक कारखाने उभे होते. दुष्काळाचे मूळ पावसाच्या तुटीत होते हे खरे. परंतु पाण्याचा हिशेब न मागणाऱ्या भागीदारीने त्याची तीव्रता वाढविली, हेही नाकारता येत नाही. ऊस ठिबक सिंचनाखाली आणण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१७ मध्ये जाहीर केला. तथापि उसाचा दर पाणी कसे वापरले यावर अवलंबून नसल्याने पाटपाणी सोडून ठिबककडे वळण्यास दरातून प्रोत्साहन मिळत नाही.

मालकी शेतकऱ्याची आणि भाव हमीचा असूनही भागीदारी शाश्वत ठरेलच असे नाही, हा या अनुभवाचा बोध होय.

दुसरा अनुभव : निर्यातक्षम द्राक्षशेती

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील द्राक्ष बागायतदारांनी १९६० मध्येच आपला राज्यव्यापी संघ स्थापन केला होता. १९९१ मध्ये राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन 'महाग्रेप्स' ही निर्यात संस्था निर्माण झाली. पूर्वशीतकरण व शीतगृहे यांची सोय, एकसारखी वेष्टने आणि परदेशी खरेदीदारांशी एकत्रित वाटाघाटी ही तिची मुख्य कामे होती. एकट्या बागायतदारास अशक्य असणारी गोष्ट समूहास शक्य झाली.

युरोपातील विक्रीसाखळ्यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या आणि २००७ पासून 'ग्लोबलगॅप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणकांनी या शेतीचे स्वरूप बदलले. कोणते औषध केव्हा फवारले, फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवले, मजुरांना संरक्षक साधने दिली का, याच्या नोंदी आवश्यक झाल्या. २००६ मध्ये 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. तीनुसार निर्यातीच्या प्रत्येक बागेची कृषी खात्याकडे नोंदणी होते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नमुने तपासते आणि पेटीवरील क्रमांकावरून माल थेट बागेपर्यंत शोधता येतो. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे या तपासणीच्या संनियंत्रणाची जबाबदारी आली. प्रस्तावनेत उल्लेखिलेला अनोळखीपणा येथे तंत्रज्ञानाने दूर केला, असे म्हणता येईल. अंश मर्यादेत ठेवण्याच्या बंधनामुळे अनावश्यक फवारण्यांना आळा बसला आणि त्याचा लाभ बागेतील माती व मजूर यांनाही झाला.

तथापि २०१० च्या हंगामाने या व्यवस्थेतील एक उणीव उघड केली. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे, बागायतदारांत 'लिहोसिन' वा 'सीसीसी' या नावांनी परिचित असलेले क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक युरोपातील तपासणीत मर्यादेहून अधिक आढळले. भारतात तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचा समावेशच नव्हता. येथील प्रमाणपत्र घेऊन गेलेला माल त्यामुळे युरोपीय बंदरांत अडकला. नियमांचे पालन करूनही शेतकऱ्यांना व निर्यातदारांना मोठा आर्थिक फटका बसला. पुढे यादीत दुरुस्ती झाली. परंतु यादीतील त्रुटीमुळे माल नाकारला गेल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हा प्रश्न तपासणीच्या व्यवस्थेत मुळातच विचारला गेला नव्हता.

तिसरा अनुभव : पांढऱ्या कांद्याची करारशेती

द्राक्षात पुढाकार उत्पादकांचा होता; जळगावच्या पांढऱ्या कांद्यात तो उद्योगाचा आहे. भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांनी उभारलेल्या जैन उद्योगसमूहाने ठिबक सिंचनाबरोबरच फळांचा गर आणि वाळविलेला कांदा यांचे कारखाने काढले. वाळविण्याच्या उद्योगाचे गणित कांद्यातील घनपदार्थांवर अवलंबून असते. भाजीसाठी वापरल्या जाणाऱ्या कांद्यात पाण्याचा अंश इतका असतो की एक किलो वाळविलेल्या कांद्यासाठी सुमारे आठ ते दहा किलो ताजा कांदा लागतो. घनपदार्थांचे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी इंधन, वाहतूक व कच्चा माल या तिन्हींत बचत होते. असा कांदा लासलगावसारख्या बाजारपेठेत पुरेसा मिळत नाही. तो मुद्दाम पिकवून घ्यावा लागतो.

यास्तव या शतकाच्या आरंभी समूहाने करारशेती सुरू केली. निवडक वाणाचे बियाणे, शेतावर येणारा सल्लागार, ठिबक संचासाठी साह्य आणि पेरणीपूर्वी ठरलेला किमान भाव हे तिचे घटक होत. बाजारभाव किमान भावापेक्षा वर गेल्यास त्याच्याशी जोडलेला दर देण्याची तरतूदही ठेवण्यात आली. हिचे महत्त्व विशेष आहे. केवळ स्थिर भाव ठरविल्यास बाजार चढला की शेतकरी माल बाहेर विकतो आणि बाजार पडला की कंपनी प्रतीचे कारण काढून माल नाकारते, अशा तक्रारी अनेक ठिकाणच्या करारशेतीत ऐकू येतात. किमान भाव आणि बाजाराशी जोडणी एकत्र असल्यास दोन्ही पक्षांचा वचनभंगाचा मोह कमी होतो. पुढे आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या साह्याने लहान शेतकऱ्यास झेपेल अशी उत्तम कृषिपद्धतींची नियमावलीही तयार करण्यात आली.

पाण्याच्या दृष्टीने हा अनुभव उसाहून वेगळा ठरतो. वाफ्यांत पाणी सोडण्याऐवजी ठिबकवर घेतलेल्या कांद्यास पाणी कमी लागते आणि खतही मुळाशी देता येते. कंपनीचा ठिबकचा व्यवसाय असल्यामुळे तिचे हित व पाणीबचत यांचा मेळ बसला. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की बियाणे देणारा, संच विकणारा, सल्ला देणारा व माल घेणारा एकच असल्यास शेतकऱ्याचे अवलंबित्व वाढते. २०१९ च्या सुमारास कंपनी कर्जाच्या अडचणीत आली आणि २०२२ मध्ये तिच्या कर्जाची पुनर्रचना झाली. खरेदीदार एकच असल्यास त्याच्या ताळेबंदातील जोखीमही शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊ शकते, हे यावरून लक्षात यावे.

चौथा अनुभव : शेतकरी उत्पादक कंपनी

डॉ. योगेंद्र अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात 'उत्पादक कंपनी' हा नवा प्रकार आला. सभासद केवळ उत्पादक असावेत आणि भाग कितीही असले तरी मत एकच असावे, हे सहकाराचे तत्त्व त्यात राखले असून कारभाराची चौकट मात्र कंपनीची आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली २०१० च्या सुमारास स्थापन झालेली 'सह्याद्री फार्म्स' हे या प्रकाराचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

द्राक्षनिर्यातीपासून आरंभ करून या कंपनीने टोमॅटो व अन्य फळे-भाज्यांच्या प्रक्रियेत प्रवेश केला. निर्यातीच्या प्रतीत न बसणारा माल प्रक्रियेकडे वळविता आला. ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी प्रतीच्या जोखमीच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. कारण नाकारलेल्या मालास पर्यायी वाट असली, की नकाराचा घाव बोथट होतो. २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले असता कंपनीने फळे-भाज्यांच्या टोपल्या थेट शहरांतील गृहसंकुलांत पोहोचविल्या. २०२२ मध्ये युरोपातील गुंतवणूक संस्थांनी कंपनीच्या प्रक्रिया व्यवसायात सुमारे ३१० कोटी रुपये गुंतविले.

या गुंतवणुकीने नवा प्रश्नही उभा केला आहे. बाहेरील भांडवलाशिवाय प्रक्रिया वाढत नाही आणि बाहेरील भांडवल परताव्याची अपेक्षा ठेवते. मूळ कंपनी शेतकऱ्यांच्या हाती ठेवून व्यवसायासाठी दुय्यम कंपनीत भांडवल घेणे हा येथे स्वीकारलेला मार्ग आहे. त्यात शेतकऱ्याचा आवाज किती काळ व कसा टिकतो, याकडे अभ्यासकांनी लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यामुळे अधिसूचित शेतमालाची खरेदी-विक्री बाजार समित्यांच्या नियंत्रणाखाली आली. २००३ च्या केंद्रीय आदर्श कायद्यास अनुसरून राज्याने २००६ मध्ये दुरुस्ती केली आणि थेट पणन, खाजगी बाजार व करारशेती यांना मान्यता दिली. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त करण्यात आला. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या तीन कृषी कायद्यांपैकी एक करारशेतीविषयी होता. त्यातील तंटे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवून उपविभागीय अधिकाऱ्याकडे सोपविले होते. मोठ्या कंपनीसमोर लहान शेतकऱ्यास दाद कोठे मिळणार, हा आंदोलनातील एक प्रमुख आक्षेप होता. २०२१ च्या अखेरीस हे कायदे रद्द झाले. कायदा गेला तरी प्रश्न उरला आहे, कारण करार चालूच आहेत.

बियाण्याच्या हक्काचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने वेफर्ससाठीच्या आपल्या नोंदणीकृत बटाटा वाणाची लागवड केल्याबद्दल गुजरातमधील काही शेतकऱ्यांवर दावे दाखल केले आणि तीव्र विरोधानंतर ते मागे घेतले. या वाणाची नोंदणी २०२१ मध्ये संबंधित प्राधिकरणाने रद्द केली. मात्र जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला आहे. करारात दिलेल्या वाणाबाबत हा हक्क कोठवर चालतो, याची शेतकऱ्यास पूर्वकल्पना देणे हे खरेदीदाराचे कर्तव्य मानावयास हवे.

जोखमीची वाटणी : तुलनात्मक विचार

उपरोक्त चार अनुभव चार जोखमींच्या कसोटीवर तपासता पुढील चित्र दिसते.

(अ) भावाची जोखीम : उसात ती कायद्याने, पांढऱ्या कांद्यात कराराने आणि उत्पादक कंपनीत मालाच्या विविध वाटांनी कमी झाली. द्राक्षनिर्यातीत सामुदायिक विक्रीमुळे ती अंशतः घटली.

(आ) प्रतीची जोखीम : नोंदी व तपासणी यांमुळे ती मोजता येऊ लागली, पण माल नाकारला गेल्यास भार बहुतांशी उत्पादकावरच पडतो. स्वतःची प्रक्रिया असलेल्या समूहास तुलनेने अधिक संरक्षण मिळते.

(इ) उत्पादनाची जोखीम : ही चारही अनुभवांत प्रामुख्याने शेतकऱ्याकडेच राहिली आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पाऊस यांनी राज्यातील पिकांची व द्राक्षबागांची अपरिमित हानी केली. हवामानावर आधारित फळपीक विमा योजना उपलब्ध आहे. परंतु विम्याचा हप्ता हा उद्योग व शेतकरी यांच्या करारातील सामायिक खर्च मानला जात नाही.

(ई) धोरणाची जोखीम : ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. अशा निर्णयाचा फटका उत्पादक व निर्यातदार दोघांनाही बसतो, आणि त्याचा अंदाज दोघांनाही आधी येत नाही.

या तुलनेतून असे दिसते की, उद्योगास ज्या जोखमीची झळ थेट लागते ती तो वाटून घेतो आणि जी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही ती शेतकऱ्याकडे राहू देतो. बदलत्या हवामानात उत्पादनाची जोखीम वाढत असताना ही विषमता अधिक बोचणारी ठरते. बाग गेल्यावर शेतकरी कर्जबाजारी होतो, पुढील हंगामात अधिक फवारणी व अधिक उपसा करून तूट भरून काढू पाहतो आणि त्यातून निसर्गाची हानी होते. म्हणजे जोखमीचा अन्याय्य भार अखेरीस माती व पाणी यांवरच येऊन पडतो. आर्थिक न्याय आणि पर्यावरण हे दोन वेगळे विषय नाहीत, ते असे.

सूचना

१. करार शेतकऱ्यांच्या समूहाशी व्हावा आणि तो मराठीत असावा. माल नाकारण्याचे निकष, तपासणीची प्रयोगशाळा व दुसऱ्या नमुन्याचा हक्क त्यात स्पष्ट नमूद असावा.

२. किमान भाव आणि बाजारभावाशी जोडणी या दोन्ही तरतुदी एकत्र असाव्यात.

३. पीकविम्याच्या हप्त्यातील शेतकऱ्याच्या हिश्श्याचा काही भाग खरेदीदाराने उचलावा. यामुळे उत्पादनाच्या जोखमीत त्याचाही सहभाग राहील.

४. कराराची मुदत किमान तीन ते पाच वर्षांची असावी. ठिबक संच, सेंद्रिय खते व पिकांचा फेरपालट यांवरील खर्च एका हंगामात वसूल होत नाही.

५. पाणीवापराच्या नोंदी ठेवून कमी पाण्यात प्रत राखणाऱ्यास अधिक दर द्यावा. उसाच्या बाबतीत ही सुधारणा सर्वाधिक निकडीची आहे.

६. तंटे सोडविण्यासाठी तालुका पातळीवर शेतकरी, खरेदीदार व तज्ज्ञ यांचे मंडळ असावे. न्यायालयाचा मार्गही खुला राहावा.

७. राज्यात २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्मार्ट' प्रकल्पाने खरेदीदार व शेतकरी कंपन्या यांच्या जोडणीस अर्थसाह्य दिले. अशा साह्यासाठी उलाढालीबरोबरच जोखमीची वाटणी हाही निकष असावा.

येथे महाविद्यालयांची भूमिकाही लक्षात घ्यावयास हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य व आंतरवासिता यांना स्थान मिळाले आहे. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी उत्पादक कंपन्यांचे लेखे व करार यांचा अभ्यास करू शकतात, रसायनशास्त्र विभाग औषधांच्या अंशांविषयी प्रबोधन करू शकतो, तर अर्थशास्त्र विभाग नोंदींच्या आधारे पाणी व उत्पन्न यांचा मेळ तपासू शकतो. मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालये शेतापासून दूर असली, तरी ती शेतमालाच्या सर्वांत मोठ्या ग्राहकवर्गाच्या मध्यभागी आहेत. स्वस्त भाजीचा आग्रह धरणारा ग्राहक हाही या भागीदारीतील एक पक्ष आहे, याची जाणीव वर्गात निर्माण होऊ शकते.

समारोप

शेतकरी व उद्योग यांनी एकत्र येणे ही शाश्वत शेतीची आवश्यक अट असू शकते. पुरेशी अट मात्र नाही. साखर कारखान्याने मालकी व हमीभाव दिला, पण पाण्याचा हिशेब ठेवला नाही. द्राक्षाने नोंदीची शिस्त आणली, पण नकाराचा भार वाटून घेतला नाही. पांढऱ्या कांद्याच्या कराराने भाव व पाणी यांची सांगड घातली, पण अवलंबित्व वाढविले. उत्पादक कंपनीने वाटा वाढविल्या. आता तिच्यापुढे भांडवल व मालकी यांचा समतोल राखण्याचे आव्हान आहे. या चारही अनुभवांतील गुण एकत्र आणणारा करार अशक्य नाही, कारण त्यातील प्रत्येक घटक महाराष्ट्रात कोठे ना कोठे प्रत्यक्ष अमलात आलेला आहे. गारपिटीने बाग झोडपल्यावर नुकसानीच्या हिशेबात खरेदीदाराचेही नाव असेल, तेव्हा त्या संबंधास भागीदारी म्हणणे सार्थ ठरेल.